रेकॉर्डवर नसलेली लाट

माझ्या गिटारमध्ये लूज कनेक्शन आहे, हे मला पहिल्यांदा नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियननं सांगितलं. कारखान्याचा वार्षिक कार्यक्रम होता, आमचा ऑर्केस्ट्रा रंगात आला होता आणि मी एका गाण्याच्या मधल्या जागेत माझी हातखंडा करामत करत होतो. सूर हळूहळू बारीक होत नाहीसा व्हायचा आणि पुन्हा फुगत वर यायचा. पहिल्या रांगेतल्या साहेबांना ते सहन झालं नाही. त्यांनी माणूस पाठवला. तो टेस्टर दातात धरून स्टेजवर चढला, माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमागे उकिडवा बसला आणि मी वाजवत असतानाच एकेक वायर हलवून पाहू लागला. गाणं संपल्यावर म्हणाला, “भाऊ, आवाज जाऊन येऊन राहिला तुमचा. सोल्डरिंग करून घ्या.” मी ऐटीत सांगितलं की ही विलायती पद्धत आहे. त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि टेस्टर खिशात टाकला. त्याचं निदान किती नेमकं होतं हे कळायला मला पुढे सहा-सात वर्षं लागली.

मी मेश्राम. नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात पंचवीस वर्षं लीड गिटार वाजवली. आजच्या लोकांना ऑर्केस्ट्रा म्हणजे काय ते सांगावं लागतं. गणपती, शारदोत्सव, लग्नं, जयंत्या, कारखान्यांचे मेळावे अशा ठिकाणी दहा-बारा जणांचा ताफा जाऊन सिनेमाची गाणी वाजवायचा. वाजवायची म्हणजे हुबेहूब वाजवायची. आमचे मालक देवराव मास्तर स्वतः हार्मोनियम वाजवत, आणि ‘हुबेहूब’ हा शब्द त्यांचा देव होता. रेकॉर्डमध्ये गायिका जिथे किंचित हसली असेल, तिथे आमच्या गायिकेनंही हसलं पाहिजे. रेकॉर्डमध्ये नसलेली एक टिचकी ढोलकीवाल्यानं जास्त मारली की मास्तर हार्मोनियमवरून असे पाहत, की तो पुढची दोन गाणी हात आखडून वाजवी.

बाकीचे सगळे वादक भजनी मंडळातून, बँडमधून, शाळेच्या हार्मोनियमवरून आलेले होते. मी एकटा रॉकमधून आलो होतो, आणि रॉकमध्ये आलो होतो ते देवळीतून.

छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. घरातले देव गेले. भिंतीतली देवळी मात्र तशीच राहिली. वरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो लागला, खालची देवळी बरीच वर्षं रिकामी होती. आई तिच्यात कधी कंगवा ठेवी, कधी सुईदोरा. मग वडिलांनी एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आणला, आणि तो नेमका त्या देवळीत बसला. वडील मिलमध्ये मागावर होते. मागाच्या खडखडाटानं त्यांच्या कानांचं व्हायचं ते झालेलं, त्यामुळे आमच्या घरी बातम्यासुद्धा आरोळीसारख्या ऐकू यायच्या. वर्षभरात रेडिओचा स्पीकर फाटला. फाटला तरी बोलत राहिला, फक्त सगळ्यांचा आवाज घोगरा झाला.

मी मॅट्रिकला असताना एका शनिवारी संध्याकाळी सुई फिरवता फिरवता कुठल्या तरी दूरदेशीच्या स्टेशनवर इलेक्ट्रिक गिटार ऐकू आली. मी तोवर गिटार फक्त सिनेमात पाहिली होती, नायकाच्या गळ्यात, आणि ती बहुधा त्याला वाजवता येत नसे. हे काही तरी वेगळंच होतं. ते वाद्य ओरडत होतं, तक्रार करत होतं, मध्येच दूर निघून जात होतं आणि पुन्हा दारात येऊन उभं राहत होतं. वडिलांनी थोडा वेळ कान देऊन विचारलं, “हा रडून राहिला का हसून राहिला गा?”  

त्यानंतर दर शनिवारी तो तास माझा होता. त्यात एक गाणं वारंवार लागायचं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही ते ऐकायला जाल, आणि तुम्हाला माझं गाणं ऐकू येणार नाही. त्या गाण्याच्या मध्ये गिटारचा एक लांब तुकडा होता. त्यात सूर लाटेसारखा ओसरायचा आणि लाटेसारखाच भरायचा. मी म्हणायचो, काय माणूस असेल हा! इतकं वाजवता येत असून मध्येच स्वतःला पुसून टाकतो.

माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार सुताराच्या आणि वाइंडिंगवाल्याच्या कृपेची. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे. ते वेढे मला जरीपटका वस्तीतल्या एका सिंधी काकांनी घालून दिले, जे एरवी पंख्याच्या मोटारी भरायचे. त्यांनी दोनदा विचारलं होतं, “बेटा, ये घूमेगा कहाँ?” घुमणार नाही, गाणार आहे, हे त्यांना पटलं नाही, पण वाइंडिंग पक्कं केलं. आवाज कमीजास्त करायचं बटण मी मुद्दाम तारांच्या इतकं जवळ बसवलं, की उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि पहिल्या बोटानं तार छेडता छेडता करंगळी बटणावर पोचावी. बटण बंद ठेवून तार छेडायची, मग करंगळीनं आवाज हळूहळू उघडायचा. तार छेडल्याचा टण् ऐकूच येत नाही, सूर नुसता उगवतो. दोन वर्षं मी त्या एका करंगळीवर घालवली. आई म्हणायची, एवढी मेहनत अभ्यासात केली असती तर पोस्टात लागला असता.

ऑर्केस्ट्रात शिरलो ते या लाटेच्या जोरावर. देवराव मास्तरांनी ऐकलं आणि विचारलं, “हे रेकॉर्डमधे असते का?” मी म्हणालो, असतं, विलायतेतले मोठे लीड गिटारवाले असंच वाजवतात, मी स्वतः ऐकलंय. मास्तरांना तेवढं पुरलं. विलायतेच्या रेकॉर्डमध्ये असेल तर तेही हुबेहूबच झालं. जिथे मूळ गाण्यात गिटारचे ठरलेले तुकडे नसतील, तिथे, मधल्या जागांत आणि ओळींच्या शेवटी, लाट टाकायची मुभा मिळाली, आणि मास्तर माइकवरून सांगू लागले, “आता ऐका, मेश्राम यांची विलायती लाट.”

तरुणपणी कानात जे मुरतं ते जन्मभर जात नाही, हे मी माझ्यावरून सांगतो. मला स्वच्छ आवाज कधी आवडलाच नाही. कोणी नवा कोरा स्पीकर लावला की मला तो इस्त्रीच्या कपड्यासारखा वाटायचा. आमच्या रेडिओत ढोल आणि खर्ज जवळजवळ ऐकूच यायचा नाही, म्हणून बेस गिटार हे वाद्य का असतं ते मला फार उशिरा कळलं, आणि तोवर आमच्या बेसवाल्याशी माझं तीन वेळा भांडण झालं होतं. तो म्हणायचा, याला माझा आवाज ऐकू येत नाही. खरं होतं ते.

या लाटेवर सगळ्यात विचित्र प्रश्न मला कामठीत विचारला गेला. छावणीतल्या एका अधिकाऱ्यांच्या घरचं लग्न होतं. जेवणं सुरू असताना एक निवृत्त साहेब काठी टेकत स्टेजपाशी आले. सैन्यात सिग्नल्सला होते, वायरलेसवर आयुष्य गेलेलं. त्यांनी लाट दोनदा वाजवायला लावली, डोळे मिटून ऐकली आणि विचारलं, “बेटा, ये तुमने किस स्टेशन से सीखा?” मला वाटलं म्हातारा मजेत आहे. मी म्हणालो, “साहब, मैं तो नागपूर का ही हूँ.” ते खूप हसले, माझ्या पाठीवर थोपटून निघून गेले. मी घरी येऊन ही गंमत सांगितली की साहेबाला वाटलं, गिटार रेल्वे स्टेशनवर शिकवतात.

आता डेन्झिल. हा आमचा ड्रमर. रेल्वे क्वार्टरमध्ये राहणारा, बाप इंजिन ड्रायव्हर. आठ वर्षं माझ्या मागे बसून त्यानं ड्रम वाजवला आणि मग त्याच्या अर्ध्या नातलगांसारखा ऑस्ट्रेलियाला गेला. ब्याऐंशीच्या हिवाळ्यात बहिणीच्या लग्नाला आला, तेव्हा माझ्यासाठी त्या गाण्याची रेकॉर्ड घेऊन आला. पंधरा वर्षांत मी ते गाणं रेडिओशिवाय कुठेच ऐकलं नव्हतं. दुपारी त्याच्या बहिणीच्या घरी आम्ही रेकॉर्ड प्लेअरवर ती लावली. मी बूट काढून बसलो होतो.

गाणं सुरू झालं. बरोबर होतं. मधला तुकडा आला. गिटार सुरू झाली आणि तशीच सरळ वाजत राहिली. एका उंचीचा, स्वच्छ, ठाशीव आवाज. ओसरणं नाही, भरणं नाही. मी म्हणालो, रेकॉर्ड खराब आहे. डेन्झिलनं पुन्हा लावली. मी म्हणालो, ही दुसऱ्या वेळची असेल. मग त्याला सगळं सांगितलं, देवळीतल्या रेडिओपासून. तो हसता हसता पलंगावर आडवा झाला.

“अरे यार, वो फेडिंग है. शॉर्टवेव्ह में होता ही है. मेरे घर के रेडिओ पे भी होता था.”

दूरच्या स्टेशनचा आवाज आकाशातून उसळी घेत येतो आणि वाटेत कधी क्षीण होतो, कधी जोर धरतो. त्यात कुठल्याही वादकाचा हात नसतो. मी आठ वर्षं तुझ्यापुढे हे वाजवत होतो, मग बोलला का नाहीस, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “मैं समझा तेरा स्टाइल है.”

आज हे लिहिताना मला हसू येतं. त्या दुपारी आलं नाही. मी इतकी वर्षं स्टेजवर एका रेडिओच्या आजाराची नक्कल करत होतो आणि वर लोकांना विलायतेचा हवाला देत होतो. मला लाज वाटली, आणि लाजेबरोबर एक प्रश्नही पडला, जो अजून पूर्ण सुटलेला नाही. मग मला आवडलं होतं ते काय? रॉक, की रेडिओ?

मी लाट बंद केली. मास्तरांना कारण सांगितलं नाही. एवढंच म्हणालो की आता मूळ रेकॉर्ड ऐकली आहे, यापुढे हुबेहूब वाजवीन. मास्तर स्वतःच्याच शब्दात सापडले, नाही कसं म्हणणार? पुढचे तीन कार्यक्रम मी अगदी सरळ, स्वच्छ वाजवले. मला त्याचा अभिमानही वाटत होता.

त्या तीनही कार्यक्रमांत शकूताई चुकली.

शकुंतला, आमची मुख्य गायिका. तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपासची. तरुणपणी जिनिंगमध्ये कापसावर काम केलेली, मग ऑर्केस्ट्रात आलेली. आवाज असा की मंडपातली भांडणं थांबावीत. ही बाई ओळीच्या शेवटी लांबवलेला सूर मध्येच तोडू लागली. एका लग्नात तर ओळ अर्धी राहिली आणि ती तोंड उघडं ठेवून माइकपुढे तशीच उभी राहिली. मागून कोणी तरी शिटी मारली. मी मान खाली घालून तारांकडे पाहत होतो, कारण माझा तुकडा अगदी रेकॉर्डसारखा चालला होता.

देवराव मास्तर वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की शकूबाईचा आवाज गेला. कामठीची एक नवी मुलगी त्यांनी पाहून ठेवली होती. चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत जयंतीचा कार्यक्रम होता. त्यात शकूबाईनं पहिलं गाणं म्हणायचं. जमलं तर ठीक, नाही तर पुढच्या महिन्यापासून नवी मुलगी.

हे शकूताईलाही कळलं असणार, कारण जयंतीच्या चार दिवस आधी ती दुपारची माझ्या घरी आली. आईनं तिला पाणी दिलं. ते अर्धं पिऊन तिनं पेला खाली ठेवला आणि मला विचारलं, “भाऊ, तुम्ही ती लाट काहून बंद केली?”

मी सांगितलं. रेडिओ, देवळी, डेन्झिल, सगळं. ती चूक होती ताई, म्हणालो, रेकॉर्डवर तसं काही नाहीच.

तिनं पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मग म्हणाली, “चूक असन तं असू द्या. मी त्या चुकीत श्वास घेते.”

मला कळेना. तिनं मला उलगडून सांगितलं, मी आता माझ्या गिटारच्या शिष्यांना सांगतो तसं. जिनिंगच्या कापसानं छाती तेव्हाच धरली होती, आणि आठेक वर्षांपासून लांब सूर शेवटपर्यंत पुरतच नव्हता. पण ओळीच्या शेवटी माझी गिटार खालून भरत वर यायची. लोकांचा कान तिकडे जायचा. तेवढ्यात ही सूर सोडून द्यायची, माइकपासून मान वळवून श्वास घ्यायची आणि गिटार ओसरायच्या आत परत सुरावर यायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, बाईनं काय सूर लांबवला! आठ वर्षं तिचा अर्धा सूर मी वाजवत होतो आणि मला पत्ता नव्हता.

“मास्तरले काहून नाही सांगितलं?” मी विचारलं. मीही तिच्याशी आमच्याच बोलीत बोलायचो.

“सांगितलं असतं तं ठेवलं असतं का?” ती म्हणाली. मग पुढे, “घरी मी कोणाची आई हाये, कोणाची वहिनी हाये. मले शकुंतला कोणी म्हणत नाही, भाऊ. फक्त माइकवर म्हणतात.”

ती गेल्यावर मी गिटार मांडीवर घेतली. खरं सांगायचं तर मला थोडा रागही आला होता. एका चुकीतून मोठ्या कष्टानं बाहेर पडलो होतो, आणि ही बाई मला परत तिच्यात बोलावत होती. मास्तरांना काय सांगायचं? विलायती तर ती उरली नव्हती. पण त्या लग्नातली शिटी आठवली आणि राग ओसरला.

चौदा एप्रिलची संध्याकाळ. मैदान भरलेलं, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, निळे झेंडे. पहिलं गाणं बाबासाहेबांवरचं, वस्तीतल्याच एका कवीनं लिहिलेलं, मास्तरांनी चाल लावलेलं. त्याची कुठे रेकॉर्ड नव्हती, म्हणजे हुबेहूबचा प्रश्नच नव्हता. मास्तरांनी माइकवर नाव घेतलं, “शकुंतला.” कामठीची मुलगी स्टेजच्या कडेला वेणीत गजरा माळून बसली होती. तिचा त्यात काही दोष नव्हता.

इतकी वर्षं मी लाट आणायचो ती रेडिओनं शिकवलेल्या जागी, मनात मोजून. त्या दिवशी मी मोजलं नाही. तारांकडेही पाहिलं नाही. मी शकूताईच्या खांद्यांकडे पाहत होतो. दम संपत आला की तिचे खांदे किंचित वर यायचे. इतकी वर्षं ती माझ्यापासून दोन हातांवर उभी असून मी ते कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या ओळीच्या शेवटी खांदे वर आले, आणि मी करंगळी वळवली. सूर खालून भरत आला, तिनं मान वळवली, श्वास घेतला, परतली. गिटार ओसरली तेव्हा तिचा सूर तिथेच होता. मैदानातून एक बाई मोठ्यानं “जयभीम” म्हणाली.

दुसऱ्या कडव्यात तिला दोनदा श्वास लागला, मी दोनदा लाट आणली. शेवटच्या ओळीला तर आम्ही दोघांनी मिळून सूर इतका लांबवला, की मास्तरांचा हात हार्मोनियमवर तसाच राहिला. टाळ्या ओसरल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली, म्हणजे ही कुठल्या रेकॉर्डमधली? मी मान हलवली, कुठल्याच नाही. त्यांनी दुसऱ्या गाण्याला शकूताईलाच थांबायची खूण केली.

शकूताई पुढे चार वर्षं गायली. मास्तरांना शेवटपर्यंत कळलं की नाही, कोण जाणे. मला वाटतं कळलं होतं, कारण त्या दिवसानंतर त्यांनी माइकवरून ‘विलायती’ शब्द सोडला आणि नुसतं ‘मेश्राम यांची लाट’ म्हणू लागले. कामठीची मुलगी पुढे आमच्याकडे आली, छान गायली. तिला लाट लागत नसे. शॉर्टवेव्हला मराठीत लघुलहरी म्हणतात असं मला नंतर कळलं, म्हणजे लाट हे नाव तेवढं मी नकळत बरोबर ठेवलं होतं.

एक गोष्ट मात्र मला खाते. त्या तीन कार्यक्रमांत मी खरं वाजवलं, आणि त्या खऱ्यापायी एक बाई भर मांडवात तोंड उघडं ठेवून उभी राहिली. मी एकदा तिची माफी मागितली. ती म्हणाली, “तुमची इमानदारी मले महाग पडली असती, भाऊ,” आणि हसली. मी मात्र हसू शकलो नाही.

शकूताईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. वडील गेले, घर पाडून नवं बांधलं, त्यात देवळी नाही. ते गाणं आता मोबाइलवर केव्हाही ऐकता येतं, काचेसारखं स्वच्छ, खर्जासकट. मी कधी कधी लावतो. मधला तुकडा सुरू होतो आणि गिटार सरळ चालत राहते, लाट नाही, हे मला पाठ आहे. तरी ती जागा आली की माझी करंगळी मांडीवर आपोआप वळते. गाणं संपेपर्यंत मी थांबत नाही. तेवढ्यात शकूताईचा श्वास घेऊन झालेला असतो, मग मी बंद करतो.